कपाटाची किल्ली

लाखेचं सील शाबूत होतं. खासनीस सरांनी भिंग डोळ्याला लावून ते चारी बाजूंनी पाहिलं, नखाने हलकेच टोकरलं, आणि मग आमच्या दोघींकडे पाहिलं.

"बघून घ्या," ते म्हणाले. "लाख माझी, अंगठी माझी. तडा नाही, चीर नाही."

टेबलाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला शकूताई टेमगिरे. मध्ये बंगळुरूच्या गिऱ्हाइकाकडून परत आलेलं लाकडी खोकं. त्यात स्पंजात रुतवून बसवलेली अ‍ॅम्प्लिफायरची मोड्यूलं, एकेक साबणाच्या वडीएवढं. हवामानाच्या रडारमध्ये ती बसायची होती, पण बसत नव्हती. माल तिसऱ्यांदा परत आला होता आणि सोबतच्या चिठ्ठीत कारण तेच होतं: जुळणी बिघडलेली, नापास. मागच्या खेपेला कुणीतरी वाटेत झाकण उघडून आत हात घालतंय असा सरांना संशय आला, म्हणून या खेपेला त्यांनी झाकणाच्या स्क्रूंवर स्वतः लाख ओतून अंगठीचा ठसा उठवला होता.

त्यांनी एक मोड्यूल उचललं आणि अ‍ॅनलायझरला, म्हणजे आमच्या मोजणीच्या यंत्राला, लावलं. जोडण्या बाहेरच्या बाहेर असल्याने सील मोडायची गरज नव्हती. पडद्यावरची हिरवी रेघ सुळकन खाली गेली आणि तळाला जाऊन बसली. म्हणजे पास, तेही अगदी डौलात.

"इथे पास, तिथे नापास," सर म्हणाले. "वाटेत कुणी हात लावलेला नाही. म्हणजे जे काही चाललंय ते याच खोलीत चाललंय. कुणीतरी इथे असं काहीतरी करतंय की माल आपल्याला चांगला दिसावा आणि तिथे आपण तोंडघशी पडावं."

शकूताईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"शनिवारपर्यंत मला नाव पाहिजे," सर म्हणाले. "नाव आलं नाही तर ते मी ठरवीन."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते, हे लपवायची त्यांनी तसदीही घेतली नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली ही गोष्ट, मोबाइल यायच्या आधीची. खासनीस सर सरकारी प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले, हुशार, कडक आणि जगातल्या प्रत्येक माणसाने आपलं काहीतरी लांबवलंय अशा नजरेने बघणारे. कारखाना छोटा होता. पुढे ऑफिस, मागे आमची चाचणीची खोली. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा अजून पक्की झाले नव्हते. त्याआधी बंगळुरूच्या ज्या कंपनीत होते, ती याच धंद्यातली, सरांची स्पर्धक. दूध मांजरासमोर ठेवलंय अशी सरांची पहिल्या दिवसापासून खात्री होती. माझ्या टेबलाचा खण मी जसा लावून जाई तसा सकाळी नसे. फोन घेतला की पलीकडच्या खोलीत खट्ट वाजे. एकदा तर त्यांनी सरळच विचारलं, "उपासनी, काल बसस्टॉपवर तो उंच माणूस कोण होता?" तो माझा मावसभाऊ होता. सरांना ते पटलं नाही, आणि पुढचे काही दिवस मलाही मावसभावाशी बोलताना उगाच मागे वळून बघायची सवय लागली.

सोडून का गेले नाही? जाणार कुठे? मायक्रोवेव्ह लहरींचं काम करणारे कारखाने तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचे मालक एका ताटात जेवल्यासारखे एकमेकांना ओळखणारे. खासनीसांकडून घरभेदी म्हणून बाहेर पडलेल्या मुलीला कुणी दारात उभं केलं नसतं. इतकी वर्षं शिकून शेवटी घरी बसून दहावीच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या असत्या. माझं नाव हीच माझी पुंजी होती, आणि ती शनिवारी बुडणार होती.

आमचा धंदा काय, तेही सांगते. शेजारणीला भाजीची वाटी पाठवली तर ती रिकामी परत करू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. आमच्या कामात उलटं. आम्ही मोड्यूलच्या दारात लहरी पाठवायच्या आणि त्या सगळ्या आत जायला हव्यात, वाटी रिकामीच परत यायला हवी. दार आणि येणारी केबल एकमेकांशी जुळलेली नसली की काही लहरी उंबऱ्यावर आपटून माघारी येतात. किती पाठवलं, त्याच दारातून किती परत आलं, पलीकडच्या दारातून किती बाहेर पडलं, या आकड्यांना स्कॅटरिंग पॅरामीटर्स असं भारदस्त नाव आहे. त्यातला आम्हाला छळणारा आकडा एस-वन-वन, म्हणजे आपण पाठवलेलं आपल्याकडेच किती परत आलं तो. पडद्यावरची हिरवी रेघ तोच दाखवायची. ती जितकी खाली, तितकी जुळणी चांगली.

जुळणी आम्ही दोघी मिळून करायचो. झाकण लावायच्या आधी शकूताई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तांब्याच्या पत्र्याचे तिळाएवढे तुकडे आतल्या सोनेरी पट्टीशेजारी सरकवायच्या. धातूचा चिमटा जवळ नेला की रेघ उड्या मारते, म्हणून त्यांच्या हातात केरसुणीची काडी असे. मी पडद्याकडे बघून सांगायची, "डावीकडे... अजून थोडं... बास." मग तुकडा पक्का करायचा. तेव्हा कुणी घात करत असेल तर ती मी असणार किंवा शकूताई. मी नव्हते, हे मला माहीत होतं.

म्हणून मी शकूताईंवर नजर ठेवू लागले. त्यांच्या काडीच्या टोकाला काही लावलेलं नाही ना, झाकण लावताना एखादा तुकडा ढकलला तर जात नाही ना, असलं काय काय बघत बसायची. गंमत अशी, की त्याही माझ्या हातांकडे बघत असायच्या. गुरुवारी डबा खाताना मला राहवलं नाही.

"ताई, तुम्हाला सरांचा राग आहे का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "सरांनी विचारायला सांगितलं काय?"

"मला? सर मला घालवायला बसलेत."

"मला वाटलं तू त्यांचीच मानूस. आमच्यावर बसवलेली." त्यांनी जरा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या आधी तुझ्या खुर्चीवर माझा भाचा व्हता. विलास वाळुंज. माझ्या थोरल्या भनीचा. मीच शबुद टाकून लावला व्हता."

"मग?"

"त्याला चोर म्हनून काढला."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शकूताई हळूहळू बोलत गेल्या. अ‍ॅनलायझरच्या केबलचं तोंड नाजूक आणि महाग. ते झिजू नये म्हणून त्याच्यावर एक छोटा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे मधली जोडणी, कायम लावून ठेवायचा, आणि झीज व्हायची ती त्याची होऊ द्यायची, ही सगळीकडची पद्धत. सरांनी त्यासाठी परदेशातून एक उत्तम अ‍ॅडॅप्टर मागवला होता. खोक्यातल्या रद्दी अ‍ॅडॅप्टरांत तो मिसळू नये म्हणून शकूताईंनी आपल्या मुलीच्या नेलपॉलिशने त्याच्यावर लाल ठिपका दिला होता. एके दिवशी तो गायब झाला. सर परगावी होते आणि त्या दिवशी खोलीत विलास एकटाच कामाला होता. परत आल्यावर सरांनी सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे करायला लावले. खिशात काही निघालं नाही, तर म्हणाले, बाहेर पोचवला असणार.

"आता दिघीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत बसतो," शकूताई म्हणाल्या. "भन माझी गल्लीतल्या हळदीकुंकवाला जायची बंद झाली. लोक तोंडावर काय बोलत नायत, पन पर्स उचलून मांडीवर घेत्यात. मी काय इथं रागानं काम करत नाय बाय. माझं पोट हाय हितं. पन त्यानं चोरी केली नाय, येवढं मला ठाऊक."

राग असलेली बाई असं बोलत नाही, किंवा अगदी असंच बोलते. मला ठरवता येईना. पण घरी जाताना बसमध्ये वेगळीच गोष्ट डोक्यात घोळू लागली. सील शाबूत. मोड्यूल तेच. इथे चांगलं, तिथे वाईट. मोड्यूल काही प्रवासात स्वभाव बदलत नाही. मग दोनपैकी एक यंत्र खोटं बोलत होतं, आणि बंगळुरूचं खोटं बोलत असतं तर त्यांच्याकडे येणारा बाकीचाही माल नापास झाला असता.

आमचं यंत्र खरं बोलतं की नाही ते कॅलिब्रेशनवर ठरायचं. ज्यांच्याबद्दल पक्की खात्री आहे असे नग एकामागून एक लावायचे आणि यंत्राला सांगायचं, हे असं, ते तसं, आता यावरून मोज. त्या नगांची लाकडी पेटी सरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असे. विलासला काढल्यापासून कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. दर सोमवारी सर चाचणीच्या खोलीतून आम्हाला बाहेर काढत, दार लावत, दाराच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतंच, आणि एकटेच कॅलिब्रेशन करत. आत ते काय करतात, हे वर्षभर कुणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सर, मला कॅलिब्रेशन एकदा स्वतः करून बघायचंय. कपाटाची किल्ली हवी होती."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. वर्षभर गळ टाकून बसलेल्या माणसाला मासा लागावा, तसा.

"किल्ली," ते म्हणाले. "एवढ्यासाठी आला होतात होय तुम्ही."

निरपराध आहे हे दाखवायला जी एकच गोष्ट मागायची, ती मागितली की मी चोर. मला हसूही आलं आणि रडूही. आवाज चढला तो मात्र रागाने. "मग नका देऊ किल्ली. उद्या शनिवार आहे. उद्या तुम्हीच कपाट उघडा, तुम्हीच पेटी आणा, तुम्हीच सगळं लावा. मी हात मागे बांधून उभी राहते. फक्त दार उघडं ठेवा आणि शकूताईंना बोलवा. त्यानंतरही माझंच नाव घ्यायचं असेल तर घ्या."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हात मागे बांधून."

शनिवारी सकाळी सरांनी पेटी आणून टेबलावर ठेवली. मी खरंच हात मागे धरून उभी होते. शकूताई दाराशी.

"सोमवारी करता तसंच करा," मी म्हटलं.

सरांनी केबलच्या तोंडावरचा, रद्दीच्या खोक्यातून काढून लावलेला अ‍ॅडॅप्टर फिरवून काढला आणि बाजूच्या फडक्यावर ठेवला. मग पेटीतले नग एकेक करून केबलच्या उघड्या तोंडाला लावत गेले. हात सुरेख चालत होता त्यांचा, हे मान्य करायला हवं. शेवटी त्यांनी पेटीतला लोड लावून दाखवला. लोड म्हणजे पाठवलेलं सगळं गिळून टाकणारं टोपण. त्याच्याकडून काही परत येता कामा नये. हिरवी रेघ पार तळाशी गेली.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"आता मोड्यूल लावताना काय करता?"

"अ‍ॅडॅप्टर परत बसवतो. केबलचं तोंड का झिजवू?"

"तर मग अ‍ॅडॅप्टर बसवा आणि तोच लोड त्याला लावून दाखवा."

सरांचा हात लोडवर गेला आणि मागे आला. "छे. माझा लोड असल्या झिजलेल्या अ‍ॅडॅप्टरला लावू? पिन खराब होईल त्याची."

यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता. सरांच्या ओठांवर ते वाक्य अजून होतं आणि त्यांना ते आता ऐकू आलं होतं.

"झिजलाय हे माहीत होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"थोडाफार झिजलेला असतोच," ते म्हणाले. "एवढ्याशा अ‍ॅडॅप्टरने काय होतं?"

"मग टेबलावरचा साधा लोड लावा. आधी अ‍ॅडॅप्टरशिवाय, मग लावून."

त्यांनी साधा लोड लावला. रेघ तळाशी. मध्ये अ‍ॅडॅप्टर घातला. रेघ उठली आणि पडद्याच्या मध्यावर जाऊन बसली. सरांनी अ‍ॅडॅप्टर काढून पुसून पुन्हा लावला. रेघ पुन्हा तिथेच.

पुढचं मला सांगावं लागलं नाही. सर या विषयातले माझे बाप होते. केबल चांगली, मोजणी चांगली, पण मधला अ‍ॅडॅप्टर वाईट आणि तो मोजणीच्या हिशेबाबाहेर. आम्ही दोघी इमानेइतबारे तांब्याचे तुकडे सरकवून मोड्यूलची जुळणी करत होतो ती त्या वाईट अ‍ॅडॅप्टरशी. त्याचा दोष झाकला जाईल एवढा नेमका उलटा दोष आम्ही प्रत्येक मोड्यूलमध्ये घालत होतो. इथे दोन्ही मिळून रेघ तळाला. बंगळुरूला हा अ‍ॅडॅप्टर नव्हता, तिथे नुसता दोष पोचायचा, वर लाखेचं सील लावून.

"विलास असताना अ‍ॅडॅप्टर लावूनच कॅलिब्रेशन करायचा," शकूताई दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या. "मी बघितलंय."

"तेव्हा अ‍ॅडॅप्टर चांगला होता," सर म्हणाले. आवाज खाली आला होता. "चांगल्याला चांगले नग लावायला काही वाटत नाही."

ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. पेटी टेबलावर उघडीच होती. जो माणूस पेटी उघडी टाकून पाण्याचा ग्लास घ्यायलाही जात नसे, तो. ते विसरले, की त्यांनी मुद्दाम विसरू दिलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शकूताई टेबलाशी आल्या. पेटीत नगांसाठी कोरलेले खळगे होते, त्यातला कोपऱ्यातला एक मखमलीच्या चिंधीने बुजवलेला होता. त्यांनी चिंधी दोन बोटांनी उचलली. खाली अ‍ॅडॅप्टर होता. नवाकोरा, झळझळीत, आणि त्याच्यावर एक लाल ठिपका.

त्यांनी तो तळहातावर घेतला. मग तो सरांच्या दिशेने पुढे धरला.

"सर, तुम्हाला आज नाव पायजे व्हतं ना?"

सर वळले. तळहातावर काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"बंगळुरूला जाताना बरोबर नेला होता," ते म्हणाले. "त्यांना दाखवायला. लोकरी कोटाच्या खिशात. परत आलो तेव्हा उकाडा सुरू झाला होता, कोट ट्रंकेत गेला, अ‍ॅडॅप्टर त्यात आहे हेच विसरलो. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा कोट काढला."

"म्हंजी दिवाळीपासून तुम्हाला ठाऊक हाय."

"हो."

"मग यंत्राला का नाही लावलात?" मी विचारलं. खरं तर उत्तर मला दिसत होतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

"कसा लावणार? ठिपका कुणाचा हे सगळ्यांना माहीत. लावला असता तर विचारलं असतं, कुठे सापडला." त्यांनी शकूताईंच्या तळहाताकडे पाहिलं. "फेकून द्यावा म्हटलं, तर फेकवेना. इतकी उत्तम वस्तू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वस्तू फेकवली नाही. माणूस मात्र एका दुपारी फेकला होता, आणि दुसऱ्याला फेकायला आज शनिवार ठरवला होता. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं, तोच शकूताईंनी मला हाताने थांबवलं.

"माझी भन म्हनती, पोरगा चोर असता तर बरं झालं असतं, निदान येक दिस कबूल तरी केलं असतं त्यानं," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी बोलू नका, सर. दिघीला जावा. मारुतीच्या देवळामागं दुकान हाय."

सर उठले. जानव्याची किल्ली सोडवून त्यांनी कपाटालाच लावून ठेवली आणि तशीच सोडली. जाताना दार लावलं नाही. बाहेर त्यांची स्कूटर दोनदा बंद पडून मग सुरू झालेली आम्हाला ऐकू आली.

आम्ही दोघी कामाला लागलो. दुसरं काय करणार? लाल ठिपक्याचा अ‍ॅडॅप्टर केबलला बसवून मी त्याच्यासकट कॅलिब्रेशन केलं, आणि परत आलेलं मोड्यूल लावलं. रेघ वर चढून बसली, नापास, बंगळुरूच्या चिठ्ठीत लिहिलं होतं अगदी तशी. शकूताईंनी सुरी तापवून लाख खरवडली, झाकण काढलं आणि काडी हातात घेतली. मी सांगत गेले, त्या सरकवत गेल्या. रेघ हळूहळू खाली येऊ लागली.

चहाच्या वेळी सर परत आले. चपला दारात काढून ते आत येऊन उभे राहिले. कपाट उघडं होतं, पेटी टेबलावर होती, त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"भेटला?" शकूताईंनी सूक्ष्मदर्शकावरचे डोळे न उचलता विचारलं.

"भेटला. चुकलो म्हणून सांगितलं. पुन्हा ये म्हटलं. विचार करतो म्हणाला." सर थोडे थांबले. "चहा पाजला."

शकूताईंची काडी थांबली होती. सरांना अजून काही सांगायचं होतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"मी दुकानात पाय ठेवला तेव्हा त्याच्या टेबलावर पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, असं सगळं पसरलेलं होतं," ते म्हणाले. "मला बघितलं आणि एक शब्द न बोलता त्याने ते सगळं गोळा केलं. ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवरला किल्ली लावली, किल्ली खिशात घातली. मग म्हणाला, या सर, बसा."

शकूताईंनी आता मान वर केली. "मग बसलात?"

"बसलो," सर म्हणाले.